दीपमाला कंडक्टरचा राहिलेला पेपर

दीपमाला हिंगणघाट आगारात कंडक्टर म्हणून लागली, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी तिनं बीएस्सीची तीन वर्षं पूर्ण केली होती, पण एक पेपर राहिला तो राहिलाच. प्रकाशशास्त्राचा. तीनदा बसली, तीनदा नापास झाली. सूत्रं तोंडपाठ असायची, प्रश्न थोडा फिरवून आला की सगळं डोक्यातून उडून जायचं. मग एसटीची भरती निघाली आणि तिनं पुस्तकं पेटीत टाकली. ‘सायन्सवाली’ असं कुणी म्हटलं की ती विषय बदलायची.

समुद्रपूरच्या फेरीवर तिच्याबरोबर बहुतेक रूपराव ड्रायव्हर असत. सातवीपर्यंत शिकलेले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलायला मोकळे. मे महिन्यातली दुपार होती. जाम गावाच्या पुढे गाडीत जेमतेम सहा माणसं. दीपमाला पुढच्या सीटवर येऊन बसली तसे रूपराव म्हणाले, “ताई, तुमी सायन्स शिकल्या म्हन्ते. एक विचारू?”

“विचारा नं काका.”

“समोर सडकेवर पानी दिसून राह्यलं. दिसते नं तुमाले?”

“मृगजळ हाय ते.”

“नाव मलेबी मालूम हाय. ते दिसते काऊन, ते सांगा. तीस वर्षं झाले, मी काई त्या पान्याजवळ पोचलो नाई.”

‘वक्रीभवन’ हा शब्द दीपमालाच्या ओठांवर आला आणि तिथंच अडकला, कारण पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतंच. ती तिकिटाचं मशीन उगाच तपासत बसली. रूपरावांनी चेष्टा केली नाही, तेच तिला जास्त लागलं.

घरी गेल्या गेल्या तिनं पेटी उघडली. नवरा, अनुप, स्वयंपाकघरातून डोकावला, “काय शोधून राह्यली?” “उत्तर,” ती म्हणाली. पुस्तकातली आकृती जुनीच होती. पण या वेळी तिनं सूत्राला हात लावला नाही. डोळे मिटून जामची सडक समोर आणली आणि आकृतीतल्या रेषा त्या डांबरावर ठेवून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी ती ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली. “काका, डांबराजवळची हवा तापून विरळ होते. वरची त्याच्यापेक्षा थंड, दाट. आभाळाचा उजेड खाली येता येता त्या विरळ हवेत वाकते, अन् जमिनीले न लागता वर आपल्या डोळ्यात येते. डोळ्याले वाटते, उजेड जमिनीतूनच आला. तुमाले दिसते ते पानी नाई. आभाळ हाय.”

“म्हंजे मी तीस वर्षं आभाळामागं गाडी पळवून राह्यलो?” असं म्हणून रूपराव इतके हसले, की मागच्या लोकांना वाटलं ड्रायव्हरला काही झालं.

हे त्यांच्या पोटात राहणार नव्हतंच. आठ दिवसांत आगारभर झालं, की दीपमालाताईला उजेडाचं विचारा. गाडीचा मागचा दिवा लालच का? बाकी रंगांपेक्षा लाल रंग धुळीत, धुक्यात कमी विखुरतो, म्हणून लांबवर पोचतो. आभाळ निळं का? हवेत निळा जास्त विखुरतो, सगळीकडून तोच डोळ्यात येतो. काही उत्तरं तिला येत होती, काही रात्री वाचून सकाळी द्यावी लागत.

खरी पंचाईत केली ती धुरपताबाईंनी. वांगी-मेथीची टोपली घेऊन त्या दर आठवड्याला बाजाराला जात. एकदा ड्रायव्हरपुढच्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बाई, आरशात उजवा हात डावा होते. मंग डोकं खाली अन् पाय वर काऊन नाई होत?”

दीपमाला चार दिवस त्या प्रश्नात अडकली. घरच्या आरशासमोर हात वर कर, मान कलती कर, असं चाललं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं पर्समधला छोटा आरसा धुरपताबाईंसमोर धरला.

“तुमचा उजवा हात खिडकीकडं हाय नं?”

“हाव.”

“आरशातबी खिडकीकडंच हाय. आरसा उजवं-डावं करतच नाई, मावशी. तुमचं तोंड पुढं, तर त्यातलीचं मागं, एवढंच तो फिरवते. ती बाई आपल्याकडं तोंड करून वळली हाय असं आपन समजतो, म्हनून हात उलटा वाटते.”

धुरपताबाईंनी दोनदा हात हलवून खात्री केली. “खरंच की वो,” त्या म्हणाल्या आणि मेथीची एक जुडी तिच्या मांडीवर ठेवली.

मग एका सकाळी आगारात गाडी धुतलेल्या पाण्यावर डिझेलचा तवंग पसरला होता. त्यात जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे हलत होते. दीपमाला खाली बसून बघतच राहिली. मेकॅनिकला वाटलं काही पडलं. पण ती शोधत नव्हती. तिला दिसत होतं, की तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून थोडा उजेड परततो, खालच्यावरून थोडा, आणि दोन्ही लाटा भेटतात. तवंगाच्या जाडीप्रमाणे कुठे एखादा रंग मिटतो, कुठे उजळतो. ज्या धड्यानं तिला तीनदा पाडलं होतं तो हाच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पेपरात बातमी आली: विद्यापीठ जुन्या नापास विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी देणार. दीपमालानं दुपारच्या आतच फॉर्म भरला.

लेखी पेपर बरा गेला. धाकधूक होती ती तोंडी परीक्षेची. टेबलावर सपाट काचेवर ठेवलेलं भिंग, सूक्ष्मदर्शकात एकात एक गोल कडी, अन् मधोमध काळा ठिपका. परीक्षकांनी न बघताच विचारलं, “मधला भाग काळा का?”

“तिथं भिंग काचेला टेकलेलं आहे सर, मध्ये अंतरच नाही. पण खालच्या काचेवरून परतणारी लाट उलटी होते. एकीचा उंचवटा, दुसरीचा खळगा. दोघी एकमेकींना मिटवतात.”

परीक्षकांनी मान वर केली. “मध्ये तेल सोडलं तर?”

ती क्षणभरही थांबली नाही. “तेलात लाट आखूड होते. कडी आवळतील.”

“कुठं शिकवता तुम्ही?”

“शिकवत नाही सर. हिंगणघाट आगारात कंडक्टर आहे.”

परीक्षक खुर्ची सरकवून उठले आणि त्यांनी तिच्याशी हात मिळवला.

निकाल लागला तेव्हा गाडी जामच्या थांब्यावर होती. दीपमालानं मोबाईल तीनदा पाहिला, मग रूपरावांसमोर धरला. ऐंशीपैकी अडुसष्ट. रूपरावांनी इंजिन बंद केलं, सीटवरून उठून प्रवाशांकडे तोंड केलं आणि घसा साफ केला. “ऐका हो! आपल्या गाडीची कंडक्टर बीएस्सी झाली. फिजिक्समंदी!” टाळ्या वाजल्या. मागच्या सीटवरचा एक अनोळखी माणूस “जयभीम ताई” म्हणत थेट पुढे आला आणि पिशवीतली संत्री तिच्या हातावर ठेवून गेला. दीपमालाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

पदवी घ्यायला कॉलेजात जायचं त्या दिवशी सकाळची फेरी उशिरा आली. साडी बदलायला वेळच उरला नाही. ती खाकीतच मंचावर चढली, छातीवर बिल्ला, मान ताठ. नाव पुकारलं गेलं आणि मागच्या रांगेतून अशी खणखणीत शिट्टी आली, की प्राचार्यसुद्धा दचकले. सगळ्यांनी तिथं खाकीत बसलेल्या रूपरावांकडे पाहिलं. रूपरावांनी शेजारी बोट दाखवलं.

धुरपताबाई दोन बोटं तोंडात घालून दुसरी शिट्टी मारायच्या तयारीत होत्या.