लाल बंबाचा दिवा

आमच्या घरी दसऱ्याला चाक, धार किंवा बटण असलेली एकही वस्तू पूजेतून सुटत नाही. लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली, बायकोची कात्री, माझे स्क्रूड्रायव्हर. एके वर्षी वॉशिंग मशीनला हार घालताना मी स्वतःच आत पडता पडता वाचलो. दिल्लीत, द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी एवढी शस्त्रं मांडलेली असतात की शेजारच्या सोसायटीने आमच्याशी तह करावा. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून मी खालच्या पार्कातून कचनारची आणतो. दिसायला तशीच जुळी असतात. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सोनं म्हणून देतो आणि लोकही बिचारे 'अच्छा, अच्छा' करत खिशात टाकतात.

यंदा पाटाच्या मधोमध मी एक आगीचा बंब ठेवला होता. लाल, माझ्या तळहातावर मावेल एवढा, ठोकळे जोडून केलेला. याच बंबाने त्या दिवशी माझ्या वडिलांचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

पण आधी बंबाची थोरवी सांगायला हवी.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. बाबांना ऑफिसने आयुष्यात एकदाच परदेशी पाठवलं. परत येताना लोक टेपरेकॉर्डर आणत, सेंट आणत. बाबांनी साबणाच्या वडीएवढा एक खोका आणला. आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन साबण?" खोका उघडला तर आत लाल ठोकळे, काळी चाकं, पांढरी शिडी, काळ्या हेल्मेटचा एक फायरमन आणि टपावर बसवायचे दोन इवलेसे निळे दिवे. सोबत घडी घातलेला कागद, त्यावर नुसती चित्रं.

बाबा पडले सरकारी माणूस. तो कागद त्यांनी चष्मा लावून असा वाचला, जणू संसदेत उत्तर द्यायचंय. चित्रातल्या क्रमाबाहेर एक ठोकळा बसवू देतील तर शपथ. "आधी चाकं. चाकं झाली का? मग पुढचं." मी शिडीकडे हात नेला की हातावर चापटी. पूर्ण बंब तयार झाला तेव्हा बाबा उठून उभे राहिले. मला आजही वाटतं, ते सॅल्यूट करणार होते, आई बघत होती म्हणून डोकं खाजवलं.

त्या बंबाने मी काय काय विझवलं! समोरच्या सरदारजींचा तंदूर रोज संध्याकाळी विझवायचो. त्यांच्या रोट्या कच्च्या राहायच्या, त्याचं कारण त्यांना कधीच कळलं नाही. जूनमधली लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, आली की सगळी दक्षिण दिल्ली माझ्या भरवशावर झोपायची. रात्री बंबाचे सगळे ठोकळे सुटे करायचो, सकाळी बाबा ऑफिसला जायच्या आधी आम्ही दोघं पुन्हा जोडायचो. एवढाच वेळ ते माझ्याशी बोलायचे. बोलायचे म्हणजे "आधी चाकं" म्हणायचे.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आणि सामान वाहणाऱ्या टेम्पोतून एक खोका कमी उतरला. बंब त्यात गेला. आई गेली, मी द्वारकेला फ्लॅट घेतला, बाबा आमच्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालतात, बोलतात, माझ्यावर ओरडतात, सगळं ठीक. फक्त गिळणं मंदावलं. डॉक्टरांनी बजावलं होतं: मऊ द्या, थोडं थोडं द्या, जेवताना लक्ष ठेवा. तेव्हापासून आमच्या घरात पोळी दुधात बुडते, भाजी मिक्सरमधून निघते, आणि बाबांना ठसका लागला की मी ताट सोडून उठतो. मी ऑफिसात मोठमोठ्या साहेबांसमोर खुशाल थापा ठोकणारा माणूस, पण त्या ठसक्यापुढे माझी जीभ लुळी पडते.

तर यंदा नेटवर जुन्या वस्तू विकणाऱ्या कोणाकडे तरी हुबेहूब तोच बंब दिसला. मागवला. खोका नव्हता, पण ठोकळे सगळे होते. दिवेही दोन्ही होते, फक्त त्यांचा निळा रंग उडून गेला होता. कुठल्या तरी खिडकीत वर्षानुवर्षं उन्हात बसले असावेत. काचेसारखे पांढरे झाले होते.

नवमीला दुपारी मी आणि बाबा जोडायला बसलो. त्यांचा डावा हात साथ देत नाही, म्हणून ते सांगत होते आणि मी लावत होतो.

"आधी चाकं," बाबा म्हणाले.

"बाबा, मी आता इंजिनियर आहे."

"म्हणूनच सांगतोय."

बंब झाला. एक दिवा घट्ट बसला, दुसरा सैल होता. बोट लागलं की पडायचा. म्हटलं, राहू दे, जुना माल आहे.

दसऱ्याला सकाळी पूजा मांडली. नैवेद्याला बंबाला खेटून वाटीत खडीसाखर. बाबांना कडक काही द्यायचं नाही हे मला आणि बायकोला पाठ, पण प्रसादाच्या बाबतीत बाबा ऐकत नाहीत. तडजोड ठरलेली आहे: सगळ्यात लहान खडा निवडायचा, तो त्यांनी जिभेवर धरायचा आणि पूर्ण विरघळला की मगच घोटभर पाणी.

मी हळदकुंकू वाहिलं. झेंडूची फुलं ठेवत गेलो. बंबाच्या टपावर एक टपोरं फूल ठेवलं, ते घसरलं, पुन्हा नीट ठेवलं. आरती झाली. मग मी वाटीत बोट फिरवून बाबांसाठी खडा शोधला. टोचायला नको म्हणून कोपरे नसलेला, गोल, अगदी स्वच्छ असा एक मिळाला. मला आनंद झाला. त्यांच्या तळहातावर ठेवला, त्यांनी डोळे मिटून तोंडात टाकला.

मी खाली जाऊन गाडीला हार घातला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, सोनं वाटलं, वर आलो. बाबा खुर्चीत तसेच, गालात खडा.

"अजून?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "विरघळेना," ते खडा सांभाळत म्हणाले. "हल्ली साखरेतसुद्धा भेसळ."

"काढून टाका मग."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देव गटारात टाकायला सांगितलंय. "प्रसाद आहे," म्हणाले. आणि पाण्याचा पेला उचलून, मी पुढे होईपर्यंत, घोट घेतला.

ठसका लागला. नेहमीचा नव्हे. बाबांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाठीवर थापट्या मारत होतो, बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मग एकदम खोकला थांबला. बाबा मागे टेकले. "गेला," ते म्हणाले.

मी सुटकेचा श्वास घेतला आणि नजर पाटावर गेली. बंबाच्या टपावर एकच दिवा होता.

मी पाट चाचपला, फुलं उचलली, वाटी उलटी केली. सगळी खडीसाखर. एकेक खडा जिभेला लावून पाहिला. सगळे गोड.

"बाबांनी बंब गिळला!" मी ओरडलो.

"कशाला वाढवून सांगतोस?" बायको म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला सवय आहे.

"अगं खरंच! बंबाचा दिवा! मी दिला त्यांना, माझ्या हाताने!"

मग तिने मला हाताने गप्प केलं आणि बाबांच्या जवळ वाकली. "ऐक," ती हळूच म्हणाली.

बाबांच्या छातीतून शिट्टी येत होती. श्वास आत, बारीक शिट्टी. श्वास बाहेर, पुन्हा शिट्टी. पोटात गेलं असतं तर एक वेळ ठीक, हे छातीत गेलं होतं. मी आजवर भुतं पाहिल्याचं सांगत आलोय, चंबळच्या डाकूंशी पत्ते खेळल्याचंही सांगत आलोय, पण भीती कशी असते ते मला त्या शिट्टीने शिकवलं. गाडीची किल्ली शोधत मी घरभर फिरलो आणि ती माझ्याच हातात होती. ही अतिशयोक्ती नाही.

बाबांना लिफ्टने खाली आणलं. निघताना मी बंबही उचलला, का ते माझं मलाच कळलं नाही.

दसऱ्याची दुपार. मैदानाकडे रावण, मेघनाद, कुंभकर्ण आडवे पडून उभं राहायची वाट बघत होते आणि अर्धी दिल्ली ते बघायला रस्त्यावर उतरली होती. आमच्या गाडीला ताजा हार, बॉनेटवर ओलं कुंकू. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो. बाजूच्या स्कूटरवाल्याने काचेवर टकटक केली.

"बधाई हो भाईसाब! नई गाड़ी?"

"रास्ता दो यार, पिताजी की साँस अटकी है!"

तो हसला. हार घातलेल्या गाडीतून कोण असं बोलतं? "पहले मिठाई!" म्हणाला. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. बायकोने बाबांना छातीशी धरलं होतं, बाबांचे ओठ निळसर पडत होते. त्या माणसाचं हसू विझलं. स्कूटर तिथेच आडवी लावून तो पुढे पळाला आणि दोन्ही हात पसरून गाड्या मागे रेटायला लागला. "हटो! हटो! बुज़ुर्ग हैं!" त्याचे आभार मानायचे राहिलेच.

मागून शिट्टी ऐकू येत होती. मी ती मोजत नव्हतो, नुसता कान लावून होतो. हॉर्नच्या गोंगाटात ती क्षणभर हरवली की मी ओरडायचो, "येतेय का?" आणि बायको म्हणायची, "येतेय. तू पुढे बघ."

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. "अंकल ने क्या निगला?"

"फायर ब्रिगेड," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं केलं. बायकोने मला कोपराने बाजूला सारलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. एक्स-रे झाला. त्यात काही दिसेना. प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, डॉक्टर म्हणाली, तोंडातून नळी घालून बघावं लागेल, या वयात आणि झटक्यानंतर धोका आहे, पण तसंच ठेवणं जास्त धोक्याचं.

"चीज़ कितनी बड़ी है? ठीक-ठीक बताइए."

इथे माझी पंचाईत झाली. जन्मभर मी मुंगीचा हत्ती करत आलो. आता कोणी पहिल्यांदा खरं माप विचारत होतं आणि ते माझ्या तोंडात येईना. वाटाणा म्हणू? मसूर? मोठं सांगितलं तर? लहान सांगितलं तर? मग हातातल्या बंबाकडे लक्ष गेलं. नखाने टपावरचा दुसरा दिवा उपटला आणि तिच्या हातमोज्यावर ठेवला. "बिल्कुल ऐसा. यही."

तिने तो उजेडात धरला, खालून बघितला. "बीच में छेद है," ती शेजारच्या डॉक्टरला म्हणाली. "इसलिए हवा जा रही है."

दिव्याला खालून ठोकळ्यावर बसायला एक भोक असतं, आरपार. बाबा त्या भोकातून श्वास घेत होते.

त्यांना आत नेताना मी स्ट्रेचरबरोबर चालत होतो. त्यांनी चांगल्या हाताने माझी बाही धरली. काही तरी बोलायचं होतं. मी वाकलो. शिट्टी, मग शब्द, मग शिट्टी.

"तू... खाल्लंस का?"

"काय?"

"प्रसाद."

मी 'हो' म्हणून मान हलवली. खोटं होतं. दार बंद झालं.

बाहेर मी आणि बायको बसलो. आत एक नळी होती आणि नळीच्या टोकाशी माझे वडील होते. बंब मांडीवर होता. त्याची चाकं मी काढत होतो आणि लावत होतो. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टर मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मास्क होता. मग तिने मास्क खाली केला आणि तिचे दात दिसले. मी तिथेच जमिनीवर बसलो. बायको म्हणते, मी रडलो. मी म्हणतो, मी बंब शोधत होतो, तो खाली पडला होता.

बाबा दोन दिवसांनी घरी आले. आवाज बसलेला, तोरा कायम. मित्रांना फोनवर सांगतात, "डॉक्टरने छातीतून अख्खा बंब काढला, शिडीसकट." मी ऐकतो आणि त्यातला एक ठोकळाही कमी करत नाही.

जेवायला आता मी त्यांच्या समोर बसतो. त्यांचा घास तोंडात गेला की माझा हातातच राहतो. परवा ते वैतागले.

"माझ्या घशाकडे काय बघतोस? स्वतःचं जेव."

"जेवतोय की."

"ताट भरलेलं आहे."

मी खाली बघितलं. पोळी तोडली. बाबांनी पेला उचलला. मी मान वर केली नाही, पण चावायचा थांबलो. पाण्याचा घोट. शांतता. मग पेला टेबलावर टेकला, आणि माझा घास माझ्याही घशाखाली गेला.