व्हायरस नसलेले रविवार

विश्रांतवाडीतल्या माझ्या खोलीवर रविवारी एकच माणूस यायचा, ऑफिसातला मित्र. माझ्या कॉम्प्युटरवर चोरीचं विंडोज होतं. त्यात दर पंधरा दिवसांनी व्हायरस शिरायचा आणि मित्र येरवड्याहून स्कूटरवर विंडोजची सीडी घेऊन यायचा. फॉरमॅट होईपर्यंत पोहे, चहा आणि साहेबाला शिव्या.

एकदा वैतागून मी विंडोज काढून लिनक्स टाकलं. आवाज येईना, प्रिंटर ओळखेना. कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही. पुस्तकात बघून एकेक कमांड टाइप करत दोन महिने घालवले. सगळं सुरळीत झाल्यावर ऑफिसात तोऱ्यात सांगितलं, "लिनक्सला व्हायरस लागत नाही."

"सुटलो बाबा," मित्र म्हणाला.

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बिघडला नाही आणि रविवारी दारही वाजलं नाही. एकट्यासाठी पोहे करायचा मला कंटाळा यायला लागला.

शेवटी एका रविवारी कोपऱ्यावरच्या पीसीओतून त्याला फोन लावला. म्हटलं, "व्हायरस आलाय."

"लिनक्सवर?"

मी फोनमध्ये आणखी एक रुपयाचं नाणं टाकलं.

"पोहे भिजव," तो म्हणाला. "निघालोच."