शेवटच्यानं भरायचा रांजण

त्या चैत्रात मी माहूरला पायी निघाले ती भक्तीनं नव्हे, हट्टानं. हे लिहायला आज लाज वाटते, पण देवीच्या गोष्टीत खोटं लिहून काय मिळवायचं? आमचे हे चाकूरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. दिवाळीनंतर घशाचं दुखणं झालं आणि आवाज गेला तो गेलाच. औषधं झाली, काढे झाले, मधात वेखंड उगाळून चाटवलं. घशातून नुसता वारा यायचा. वर्गात पाढे कोण म्हणवून घेणार? लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, नवे साहेब येत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सुट्टीपर्यंत सांभाळून घेतो बाई, जूनमध्ये माझ्या हातात काही नाही." जूनच्या आत आवाज आला नाही तर नोकरी जाणार, आणि त्यात सगळीकडे दुष्काळ. मी देवीला बजावलं, तुझ्या पायऱ्यांपर्यंत चालत येते, चैत्री पौर्णिमेला ओटी भरते, तू यांचा आवाज दे. नवस कसला, दमच दिला म्हणा ना.

हे गळ्यात कापडी पिशवी अडकवून निघाले. पिशवीत शाळेतली दगडी पाटी आणि पेन्सिलीचे तुकडे. जे सांगायचं ते त्यावर लिहायचे. सुरुवातीला मी सगळं वाचायची. पुढे पुढे कंटाळा येऊ लागला. भाकरी थापताना, भांडी घासताना कोण सारखं हात पुसून वाचत बसणार? त्यांनी पाटी पुढे केली की मी म्हणायची, "कळलं, कळलं." बहुतेक वेळा काही कळलेलं नसायचं.

आमच्यासोबत चाकूरचे दहा-बारा जण होते. पुढारी किराणा दुकानदार तात्या, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, बोलणं अगदी मोजकं. दिवसा चालायचं, संध्याकाळी मिळेल तिथं पाठ टेकायची. नांदेड मागे पडल्यावर तिसऱ्या दिवशी एका उघड्या माळावर वाटसरूंची झोपडी लागली. तुराट्यांचे शेणानं लिंपलेले कुड, वर शिंदीच्या झावळ्या, आत भिंतीला लागून बांबूचे एकावर एक माचे. वर बाया, खाली पुरुष असं झोपायचं. दाराला कुलूप नाही की राखणदार नाही. कोपऱ्यात एक रांजण, शेजारी पितळी घागर, आणि दाराच्या खांबावर चुन्यानं लिहिलेलं : पाणी प्या, शेवटी निघेल त्यानं भरून जा.

सकाळी सगळे लवकर उठून आवरू लागले. मी मात्र मुद्दाम मागे रेंगाळले. अंघोळीशिवाय कुंकू लावायचं नाही हे माझ्या अंगात भिनलेलं. चार दिवस कोरड्या हातापायांनी काढले होते आणि आज पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. अशी पारोशी देवीपुढे जाऊ का? जाताना तात्या म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी शेवटच्या हाव. रांजण भरून निघा बरं, हितला नेम हाय."

"हो हो," मी म्हटलं.

रांजणात तळाशी पाच-सहा तांबे पाणी उरलं होतं. झोपडीच्या मागे जाऊन ते सगळं मी अंगावर घेतलं. प्यायच्या पाण्यानं, दुष्काळात, माळावर! माझ्या मनाला तेव्हा काही टोचलं नाही हे खरं. उलट वाटलं, आता कशी मी स्वच्छ झाले. विहीर पाव कोसावर, रांजणाला तीन घागरी लागायच्या, पायाला फोड आलेले आणि मंडळी पुढे गेलेली. मी यांना म्हटलं, "परतताना भरू. देवीच्या कामाला निघालोय, एवढं चालतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपलेकडे बोट दाखवलं, अंगठा तुटल्याची खूण केली आणि तू हो पुढे, मी आलोच असा हात केला.

मी निघाले. फाट्यावरच्या बाभळीखाली येऊन बसले. सूर्य चांगला कासराभर वर आला तरी यांचा पत्ता नाही. मंडळी नजरेआड झाली. माझं डोकं तापायला उन्हाची गरजच नव्हती. शेवटी हे धापा टाकत आले. सदरा ओलाचिंब, चपलेचा अंगठा धडधाकट. मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. "तुमच्यासाठीच पाय झिजवतेय ना मी? तुम्हालाच त्याची किंमत नाही!" त्यांनी पिशवीतून पाटी काढून माझ्यापुढे धरली. पाटी भरून काहीतरी लिहिलेलं होतं. मी पाटीवर हात ठेवून ती खाली केली. "ठेवा ती. चला आता."

उशीर भरून काढायचा म्हणून मी नाल्याकाठचा रस्ता सोडला आणि माळावरून जाणारी गाडवाट धरली. यांनी बाही धरून थांबवलं, मी झटकली. तासाभरात ती वाट दगडांत विरून गेली. झाड नाही, माणूस नाही, गुरांची हाडं तेवढी जागोजाग पडलेली. माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपलं, मग यांनी आपल्यातलं दिलं, तेही संपलं. दुपारी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, जीभ टाळूला चिकटली आणि मी मटकन खाली बसले. मला वाटलं, आता इथेच. आवाज मागायला निघालेल्या बाईचा असा शेवट! मी रडतही नव्हते, तेवढंही पाणी अंगात नव्हतं. यांनी मला उठवलं, माझा हात खांद्यावर घेतला आणि ओढत, थांबत चालू लागले. बऱ्याच वेळानं पुढे एक झोपडी दिसली.

जवळ गेलो आणि कुडावर वाळत पडलेला पंचा दिसला. लाल काठाचा, एका कोपऱ्याला रफू केलेला. माझाच पंचा! सकाळी विसरलेला. माळावरून गोल फिरून आम्ही त्याच झोपडीपाशी आलो होतो.

 आत जायला मला धीर होईना, कारण आत काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तो रांजण मी माझ्या हातानं कोरडा केला होता. शेवटचा तांब्या ओतताना तळाशी घासलेला आवाज अजून कानात होता. मी उंबऱ्यावर कोसळले आणि म्हटलं, "नका जाऊ आत. काही नाही तिथे. मीच..."

हे आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले.

गार पाणी ओठांना लागलं आणि मी घाबरून मागे सरले. खरं सांगते, आनंद नाही, भीतीच वाटली. सरपटत आत गेले, रांजणात हात घातला. कोपरापर्यंत पाण्यात बुडाला. काठोकाठ भरलेला रांजण! मी यांच्याकडे पाहत राहिले. सकाळचा ओला सदरा, धाप, धडधाकट चप्पल, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागलं.  त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि दुसऱ्यांदा माझ्यापुढे धरली. घामानं कडेची अक्षरं पुसट झाली होती, पण यांचं अक्षर ते, पुसलं तरी वाचता येतं.

"रांजण भरला. माझ्याकडे दोर नव्हता, विहिरीवरच्या बाईनं शेंदून दिलं. म्हणाली, भर बाबा, तुझी कारभारीण दुपारच्याला मागारी येती, तिला लागंल."

मी ते तीनदा वाचलं.  ही अक्षरं सकाळची होती. वाट चुकायच्या आधी, मी गाडवाट धरायच्या आधी, बाभळीखाली ती माझ्यासमोर धरली होती आणि मी हातानं खाली केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर उचलली. हे पुढे झाले तर म्हटलं, "नाही, आज मी." हे पाटी घेऊन मागोमाग आले. विहिरीवर एक म्हातारे गृहस्थ पाणी शेंदत होते. मी काल सकाळी आलेल्या बाईबद्दल विचारलं. ते दोर गुंडाळता गुंडाळता थांबले. "सकाळच्याला? आमच्या वाडीच्या बाया सांजच्याला येत्यात. दोर बी आम्ही घरी नेतो, हिरीवर ठिवत न्हाई. काय नेसली व्हती?"

यांनी पाटीवर लिहिलं, हिरवं लुगडं. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. त्यांनी माळाकडे पाहिलं, मान हलवली. "आसंल कुणी तरी. घ्या, घागर द्या इकडं."

असेल कुणीतरी, एवढंच मीही म्हणते. आडवाटेनं जाणारे चुकून फिरून तिथेच येतात हे एखाद्या गावच्या बाईला ठाऊक असेल. मी वाद घालत नाही. रांजण भरला, त्या पाण्यानं अंघोळ केली नाही, आणि पारोशी चालू लागले.

माहूरला पोचलो तेव्हा पौर्णिमा उलटून गेली होती. तात्या पायऱ्यांशी वाट पाहत थांबले होते, काळजीनं काळवंडलेले. माझ्या पायांवर धूळ, लुगडं मळलेलं, तशीच देवीपुढे उभी राहिले आणि ओटी पुढे केली. चारशे वेळा घोकलेलं मागणं तोंडातून निघेना. मी यांना म्हटलं, "तुम्हीच मागा. काय हवं ते लिहा, मी वाचून दाखवते आईला."

त्यांनी पिशवीतून पेन्सिलीचा तुकडा काढला. मग लिहिलं, "हिला पाणी मिळालं."

बस्स. पुढे काही नाही. मी ते मोठ्यानं वाचलं आणि तिथेच हमसून हमसून रडले.

आवाज आला नाही. शाळेतली नोकरी सुटली. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत नकला करून घ्यायला चांगल्या अक्षराचा माणूस हवा होता, तिथे यांना टेबल मिळालं आणि आमचं पोट चाललं. देवीनं माझं ऐकलं नाही असं मला कधी वाटत नाही. काय द्यायचं ते तिला कळतं, आणि ते घ्यायला आपले हात मोकळे हवेत, एवढं मी त्या माळावर शिकले. पाटी अजून आहे, एक कोपरा उडालाय. हे लिहू लागले की मी तव्यावरची भाकरी खाली उतरवते, हात पुसते आणि शेवटच्या अक्षरापर्यंत थांबते.