एक्सलवरची रेघ

उत्तरेच्या सीमेवर आमचं ठाणं बारा हजार फुटांवर होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. रोज सकाळी पाच चाळीसला गाड्यांची तपासणी, साडेसहाला कॉन्व्हॉय. टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीखाली शिरायचं. एक्सल, स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंगचे रॉड बघायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायची.

त्या दिवशी दोन नंबरच्या ट्रकच्या पुढच्या एक्सलवर, डाव्या चाकाजवळ, मला केसाएवढी रेघ दिसली. चीर असेल, नाहीतर रंगाचा ओरखडा. घासून, रॉकेल लावून बघायला वीस मिनिटं लागली असती. दुपारपर्यंत बर्फाने खिंड बंद होणार होती. सुभेदारसाहेबांनी विचारलं, "गाडी ओके?"

"ओके, साब."

मी सही केली.

ट्रक लान्स नायक करमचंद चालवत होता. मागे सहा जवान, रजेवर निघालेले. मी पाठीमागच्या जीपमध्ये. सात बावीसला, उतारावर, रेडिओवर त्याचा आवाज आला.

"साब, स्टिअरिंग छूट गया. अगला पहिया बैठ गया."

"फर्स्ट गियर. ब्रेक मत छोड़ना," मी म्हणालो.

"ब्रेक पे हूँ. पीछे वालों को उतारो."

रस्त्यावर बर्फाचा कडक थर होता. ट्रक हळूहळू डावीकडे, दरीच्या बाजूला सरकत होता. मी धावलो. "कूदो!" म्हणून ओरडलो. उड्या मोजल्या. सहा. मग ड्रायव्हरच्या दाराशी पोचलो. काच खाली होती.

"छह हो गये?" करमचंदने विचारलं.

"हो गये. तू कूद!"

ब्रेकवरचा पाय काढल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. त्याने पाय काढला आणि ट्रक दरीत सुटला. दार अर्धंच उघडलं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत त्या रेघेबद्दल मी स्वतः सांगितलं. शिक्षा झाली. मला ती कमी वाटली.

पेन्शनवर आल्यावर खामगावला गॅरेज टाकलं. माझी चुलत बहीण सुनंदा वरवट बकालला असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून ती स्वतःच्या पिकअपमधून दूध आणते. रस्ता म्हणजे नाले आणि धोंडे. कुणी आजारी पडलं तर त्याच गाडीतून दवाखान्यात. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी असूनही पुढचा एक्सल दोनदा वाकला.

"भाऊ, आता मजबूत एक्सल टाकून द्या," ती म्हणाली.

भंगारवाल्याकडे दोन मिळाले. एक काळ्या रंगात चकचकीत. त्याचा गियर रेशो सुनंदाच्या मागच्या एक्सलशी जुळत होता. दोन दिवसांत बसला असता. दुसरा गंजलेला, मोठ्या ट्रकचा. नळी जाड, हब मोठे, पण रेशो वेगळा. तो टाकायचा तर मागचेही गियर बदलायचे, नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढत राहतात. पाट्यांच्या बैठकाही नव्या कराव्या लागणार. दहा दिवसांचं काम.

"काळाच घ्या. नवाच दिसून राह्यला," सुनंदा म्हणाली.

मी चाकाजवळचा रंग खरवडला. रॉकेल चोळलं, थोडं थांबून कोरडं पुसलं, वरून खडू फासला. पाच मिनिटांत पांढऱ्या खडूवर चिरेतल्या रॉकेलची ओलसर रेघ उमटली. भंगारवाला म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो, फौजी. दहा मिनटाचं काम हाय."

"नाही."

"दहा दिवस दूध कोन आनीन?" सुनंदा चिडली. "काऊन अडून बसता, भाऊ?"

तेव्हा मी तिला करमचंदचं सांगितलं. तिथेच, भंगारात उभं राहून. घरच्या माणसाला सांगायची ती पहिलीच वेळ. सांगून झाल्यावर खडू खिशात टाकला.

ती गंजलेल्या एक्सलकडे वळली. मग म्हणाली, "दुसऱ्याले लावा खडू."

गंजलेल्या एक्सलवर खडू पांढराच राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला नाल्यावर चाचणी घेतली. वजनासाठी दुधाचे कॅन पाण्याने भरलेले. सुनंदा स्टिअरिंगवर, मी शेजारून चालत. उजवं चाक धोंड्यावर चढलं, डावं अधांतरी आलं, आणि खालून 'कट्ट' असा आवाज झाला.

"थांब!"

तिने गाडी जागच्या जागी धरली. मी चाकांना दगड लावले आणि खाली शिरलो. नळी, वेल्डिंग, यू-बोल्ट, सगळं हाताने चाचपलं. काही नव्हतं. चाकाखालचा धोंडा फुटला होता. तरी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. वीस मिनिटं गेली. सुनंदाने एकदाही घाई केली नाही.

"ओके," मी म्हणालो.

गाडी पलीकडे चढली. तिने इंजिन बंद केलं.

"त्या करमचंदच्या घरी कोन हाय, भाऊ?"

"आई. पेन्शन झाल्यावर गेलो होतो."

"तिले रेघेचं सांगितलं?"

"हो."

"मंग?"

"आत जाऊन त्याचा वर्दीतला फोटो घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी निघालो तेव्हाही परत मागितला नाही."