उर्नेसचा प्राणी

निवृत्तीनंतर आमच्या यांना व्हायकिंग लोकांच्या लाकडात कोरलेल्या प्राण्यांचं वेड लागलं. स्कारबरोच्या कम्युनिटी सेंटरमध्ये कोरीवकामाचा क्लास लावला आणि बेसमेंटभर लाकडाचा भुसा केला. मला आपला जुन्या बोरे शैलीतला प्राणी आवडायचा. गुबगुबीत, पंज्यांनी चौकट नाहीतर स्वतःचाच गळा धरून बसलेला. यांचा जीव मात्र व्हायकिंगांच्या अखेरच्या, उर्नेस शैलीवर. तो प्राणी सडपातळ, बदामी डोळ्यांचा, अंगाभोवती बारीक रेघांचे विळखे.

"पोटाला काही घालत नाहीत वाटतं त्याला," मी म्हणायचे.

"अगं, रेघ बघ. एकदा वरून गेली की पुढच्या वेळी खालून. चुकलं की सगळं गेलं." आयुष्यभर पुलांची ड्रॉइंग्ज तपासलेला माणूस, चूक यांना खपायचीच नाही.

मग डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, अर्ली स्टेज आहे, बाबांना बिझी ठेव." बिझी ठेव म्हणे! मला रडू यायचं नाही, संताप यायचा.

एका दुपारी यांनी मला बेसमेंटमध्ये हाक मारली. फळीवर एका जागी रेघ लागोपाठ दोनदा वरूनच गेली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही ते दिसलं. हे प्राण्याच्या डोक्यापासून रेघेवर बोट फिरवत यायचे, चुकीवरून तसेच पुढे जायचे, पुन्हा डोक्याकडे.

"कुठेतरी चुकलंय गं. एवढं कळतंय. कुठे, ते सापडत नाही."

"छान झालंय की," मी म्हटलं. खोटं बोललेलं यांना अजून कळत होतं.

यांच्या डाव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला होता, रक्ताने भिजलेला. यांनी कोरायच्या सगळ्या पटाश्या पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. "कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस. मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. रडलो तरी."

मी त्या गॅरेजमध्ये विंटर टायर्सच्या मागे लपवल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच यांनी पटाश्या मागितल्या. मी नाही म्हटलं.

"माझ्या वस्तू लपवतेस?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना."

"मी? मी कशाला असं सांगेन?" आणि हे लहान मुलासारखे रडायला लागले.

ज्या माणसाने मला बजावलं होतं, त्याला आता साक्षीला कुठून आणू? मी पटाश्या दिल्या नाहीत. हे अजून रोज मागतात.