मूळ कार्बोरेटरच्या शोधात: पुणे ते डोणगाव, जुन्या बुलेटवर

माझी बुलेट चौऱ्याहत्तरची, सतीशची ब्याण्णवची. आमच्या मैत्रीत या अठरा वर्षांवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दोघांच्या संसारात मिळून झाली नसतील. दोन्ही इंजिनं बिडाची, बोअर आणि स्ट्रोकही तेच, सत्तर बाय नव्वद. फरक विजेचा आणि कार्बोरेटरचा. त्याची बारा व्होल्टची, माझी सहा. म्हणजे अंधारात माझा दिवा लागलाय की नाही, ते जवळ जाऊन बघावं लागतं.

खरं दुखणं कार्बोरेटरचं होतं. चौऱ्याहत्तरच्या गाडीला इंग्लिश धाटणीचा कार्बोरेटर हवा, बाजूला एक बटण असलेला. ते दाबत राहायचं, पेट्रोल ओघळून बोट ओलं झालं की किक मारायची. माझ्या गाडीला मात्र कुणीतरी नंतरचा बसवला होता, साधी चोकची दांडी असलेला. गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची, पण पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत ‘अस्सल’ गटात तिला कुणी उभी करू देईना. रॅलीला तीन आठवडे होते. आरसी बुकात पहिल्या मालकाचा पत्ता होता: डोणगाव, तालुका मेहकर. म्हटलं, मूळ भाग मिळाला तर तिथेच मिळेल.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. आमच्या वेगाकडे पाहता ती योग्यच म्हणायची. पहिला मुक्काम संभाजीनगरला केला आणि दुसऱ्या दिवशी सिल्लोडवरून धाड या गावी पोचलो. नेमका बाजाराचा दिवस. गरम भजी घ्या, पण मिरची मोजून खा. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, “कोनाची व्हय गाडी?” माझी, म्हणालो. “तुमची असन. पन होती कोनाची?” पुण्यात लोक मॉडेल विचारतात. इथे गाडी कोणत्या सालची याच्याशी कुणाला घेणंदेणं दिसलं नाही. मी मनातल्या मनात हसलो, शहाणा ना मी.

रात्री चिखलीला राहिलो. लॉज ठीक, शेवभाजी उत्तम. सकाळी मेहकरमार्गे डोणगाव गाठलं. रस्ता बरा आहे, पण ‘बरा’ हा शब्द मागच्या चाकाच्या स्प्रिंगवर अवलंबून असतो.

डोणगावात शिरल्याबरोबर एका गॅरेजमधून म्हातारे मिस्त्री हात पुसत बाहेर आले. हनीफभाई. गाडी वळायच्या आतच म्हणाले, “हे त गुरुजींची गाडी होय. आवाजावरून वळखली.” आणि आमच्या पुढे सायकलवर निघून थेट गुरुजींच्या दारात नेऊन उभं केलं.

गुरुजी निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. जयभीम झाला, चहा झाला. मी कार्बोरेटरचा विषय काढला तसे ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला तो मूळचा घेऊन आले. पेट्रोल सोडणाऱ्या जेटसकट, बटणासकट. मी आधी त्यावरचा नंबर वाचला, खोटं कशाला बोला.

मग त्यांनी तो का काढला ते सांगितलं. त्यांची बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. रोज सकाळी गुरुजी तिला मागे बसवून कामावर सोडायचे. बटण दाबलं की पेट्रोल सांडे, वास पांढऱ्या साडीला लागे, आणि बाळंतिणी तोंड फिरवत. एके दिवशी ती म्हणाली, उद्यापासून मी पायी जाईन. त्याच आठवड्यात गुरुजींनी पगारातून नवा, चोकवाला आणून बसवला. पुढे निवृत्त होईपर्यंत ती त्या चोकवाल्या गाडीवरूनच कामावर गेली. आता ती नाही. गुरुजींचे गुडघे गेले तेव्हा मुलाने गाडी विकली.

“सगळे म्हनले, गुरुजी, जुना काढून ठेवा, त्याले किंमत येईन. मी तो ठेवला,” ते म्हणाले. “ठेवाचा होता तो गाडीसंगं गेला.”

मी पैशांचं विचारलं. ते म्हणाले, “पैसे काऊन? हा तुम्ही न्या. तुमचा तेवढा मले द्या.”

मी लगेच हो म्हणालो. भंगाराच्या भावातल्या वस्तूच्या बदल्यात दुर्मीळ वस्तू! सतीश माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. हनीफभाईंनी जेट फुंकून साफ केले, बसवताना एवढंच म्हणाले, “चालते तिले काऊन हात लावता, साहेब?” तासाभरात काम झालं. निघताना वळून पाहिलं, तर गुरुजी ओट्यावर बसून अंगठ्याने ती चोकची दांडी वर-खाली करत होते.

परतीचा प्रवास थोडक्यात सांगतो. प्रत्येक थांब्यावर सहा-सात किका, बोटांना पेट्रोल, पँटला वास. ब्याण्णवची गाडी दर वेळी पुढे जाऊन आमची वाट बघत उभी. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, सोबत जास्तीचा प्लग ठेवा आणि गाडीत जे नीट चालतंय त्याला हात लावू नका.

रॅलीत परीक्षकांनी भिंग लावून कार्बोरेटरवरचा नंबर वाचला, माना डोलावल्या. ‘अस्सल’ गटातला पहिला चषक आता माझ्या टीव्हीशेजारी आहे. तो बघितला की मला लाज वाटते, आणि गुरुजींना तो कार्बोरेटर परत मिळाला याचं बरंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

रॅलीच्या दिवशी गाडीसमोर लावायला एक पुठ्ठा दिला होता. त्यावर गाडीचा इतिहास लिहायचा होता, दहा ओळींची जागा होती. मी लिहिलं, ‘सर्व भाग मूळचे.’ बाकीच्या नऊ ओळींत लिहिण्यासारखं काही गाडीवर उरलंच नव्हतं.