आर्गासचं कूळ

कशेळ्याच्या आमच्या आळीतल्या कंपौंडरकाकांइतका किड्यांचा मान राखणारा माणूस जगात दुसरा नसेल. गुरांच्या दवाखान्यातली नोकरी संपली, तरी त्यांची नजर गुरांच्या कातडीवरच फिरे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मांडवाबाहेरच्या बैलाकडे पाहत राहत, आणि पानातलं वरण निवून जाई. गोचीड सापडली की ती डोळ्यांजवळ नेत आणि तिचं शास्त्रातलं नाव इतक्या हळुवार घेत, की वाटे, सोयरीक जुळवायला आलेत.

गेल्या वर्षी माझ्या कोंबड्या मलूल झाल्या. तुरे पांढरे पडले, दोन मेल्या. सासूबाई म्हणाल्या, "उरलेल्या तरी कापून खाऊ." राहिल्या होत्या सहा, आणि घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. एकेकीची पिसं उलगडून पाहिली, अंगावर काहीच नाही. शेवटी लाजतबुजत काकांना बोलावलं.

त्यांनी कोंबड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या केसांतला आकडा मागून घेतला आणि खुराड्याच्या फळीत खुपसला. फटीतून राखाडी, सुरकुतलेल्या गोचिडी ओघळल्या.

"अंगावर काय शोधतेस गं? ही गुरांची गोचीड नाय. हिच्या पाठीला कवच नाय, मऊ हाय. रातीला जेवून जाते, दिवसा फटीत निजते. आर्गासिडी! शेवटचं इडी म्हंजे कूळ. आर्गासचं कूळ."

"आणि आर्गास म्हणजे?" मी कशी कोण जाणे विचारून बसले.

काकांनी आकडा पुसून माझ्या हातात ठेवला. "आमच्या पुस्तकात नव्हतं गं. मी पन कुनाला इचारलं नाय."

"कूळ कळलं, आता पत्रिका बघा," सासूबाई आतून म्हणाल्या.

खुराडं जाळलं. त्या जाळासमोर काका चपला काढून उभे राहिले. मग पत्र्याचं नवं केलं, आणि सहाही जगल्या.

पुढे काका मुलाकडे खोपोलीला राहायला गेले. मी अंडी घेऊन गेले. फाटकावर वॉचमन म्हणाला, "कुणाकडे? नाव सांगा." इतक्या वर्षांत त्यांचं नाव मी कुणाकडून ऐकलंच नव्हतं.

"ते... गोचिडींची नावं घेतात..."

"अहो ताई, ते होय! तिसरा मजला."

जिना चढताना ठरवलं, आज विचारायचंच. काकांनी दार उघडलं आणि आधी म्हणाले, "साही कोंबड्या हायत ना गं?" मी मान हलवली. ते समाधानानं खिडकीशी बसले, मीही बसले. समोर डोंगर निळा होत चालला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.